हयातीचा दाखला

दर वर्षी नोव्हेंबर उजाडला, की कोथरूडातील एका बँकेच्या दारात दहा वाजण्यापूर्वीच निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते, आणि काठ्या, कापडी पिशव्या, गुडघ्यांना बांधलेले पट्टे व प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली पेन्शनची कागदपत्रे सांभाळीत ही वृद्ध मंडळी एकेक पायरी चढून आत जातात, ती सरकारदरबारी एकच गोष्ट शाबीत करण्यासाठी: आपण अद्याप हयात आहोत. ‘हयात’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरात आला आणि पेशवाई गेली, इंग्रजांचे राज्य गेले, तरी हयातीच्या दाखल्याच्या रूपाने तो जिथल्या तिथे टिकून राहिला. २०१४ पासून हा दाखला ‘जीवन प्रमाण’ या नावाने यंत्रावर बोट टेकवून, आणि अलीकडे मोबाइलला चेहरा दाखवून घरबसल्याही देता येतो; तथापि शाखेत जाऊन ओळखीच्या कारकुनासमोर उभे राहण्यात वृद्धांना जे समाधान वाटते, ते त्या यंत्राला देता आलेले नाही.

गतवर्षी त्या रांगेत मी माझ्या आईला घेऊन उभा होतो. आमच्या पुढे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ७९ वर्षांचे एक अभियंते होते. त्यांच्या अंगठ्यावरील रेषा वयोमानाने इतक्या झिजल्या होत्या, की तीन वेळा प्रयत्न करूनही यंत्र त्यांना ओळखीना. अखेर कारकुनाने कागदी नमुन्यावर त्यांची सही घेतली आणि ते बाहेरच्या बाकावर येऊन टेकले. त्यांची माझी तोवर ओळखही नव्हती. रुमालाने अंगठा पुशीत ते म्हणाले, “सरकारला वर्षातून एकदा सांगून भागतं. मुलीला रोज सकाळी सांगावं लागतं.”

त्यांची मुलगी सिएटलला असते. त्या वाक्यामागून मी त्यांच्या घरी गेलो, आणि मग वर्षभर पुण्यात, डोंबिवलीत, नाशकात, मुले परदेशी स्थायिक झालेल्या अनेक घरांची दारे ठोठावीत राहिलो. त्या माणसांनी मला चहा दिला, जुनी पत्रे दाखविली आणि नावे मात्र छापू नयेत असे सांगितले. ती अट मी पाळली आहे.

अभियंत्यांच्या पत्नीला, ज्यांना मी पुढे काकू म्हणू लागलो, अमेरिकेतला हिवाळा कसा कळतो हे ऐकण्याजोगे आहे. मुलगी कामावरून घरी आली, की तिच्या संध्याकाळी साडेसातला फोन लावते. उन्हाळाभर तो पुण्यात सकाळी आठला येतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे सरली, की सोमवारी आठाला फोन वाजत नाही. काकू तो तास स्वयंपाकघरात काही तरी आवरीत काढतात, आणि नऊला फोन वाजला, की पतीला हाक मारतात, “अहो, तिकडे थंडी सुरू झाली.”

असा एक फोन मी त्यांच्या अनुमतीने शेजारी बसून ऐकला. “जेवलीस का गं?” “आत्ता बसतेय. तुमचा नाश्ता?” “व्हायचाय. जावईबापू?” “ठीक आहेत, काम जरा जास्त आहे.” “बरं. छोटी?” “शाळेत रमलीय. आई, तुझा गुडघा?” “गुडघ्याला काय धाड भरलीय? सगळं ठीक आहे. तू काळजी करू नकोस.” अकरा मिनिटांनी फोन ठेवला गेला. काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि मला सांगितले, की गेल्या गुरुवारी त्या न्हाणीघरात घसरून पडल्या, शेजारच्या बिऱ्हाडातील मुलाने येऊन उचलले, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लवकर उरकण्याचा सल्ला दिला आहे. मुलीला का सांगितले नाही, असे विचारताच त्या म्हणाल्या, “ती तिथून काय करणार? नुसती रात्रभर जागी राहील.”

पुढे महिनाभराने त्या मुलीशीही माझे संभाषण झाले. ती मोकळेपणाने बोलली आणि शेवटी, आवाज खाली आणून, म्हणाली, की तिच्या नवऱ्याची नोकरी जूनमध्येच गेली आहे. तिकडच्या ‘एच-वन-बी’ परवान्यावर असलेल्या माणसाची नोकरी सुटली, तर नवा मालक शोधायला त्याला साठ दिवसांचीच मुदत असते. ती टळल्यावर तो आता तिच्या परवान्यावर आश्रित म्हणून राहतो आहे. तिच्या स्वतःच्या पारपत्रावरचा शिक्का कालबाह्य झालेला असल्यामुळे भारतात पाऊल टाकले, तर वकिलातीची नवी मुलाखत मिळेपर्यंत परतता येणार नाही, आणि एका पगारावर चाललेले ते घर ती जोखीम पत्करू शकत नाही. तीन वर्षे ती पुण्याला आली नाही ती यामुळे. “आईला वाटतं, मला वेळ नाही. तेच बरं आहे. खरं कळलं तर ती जेवायची नाही.”

अशा रीतीने एकाच घराची दोन गुपिते माझ्या हवाली झाली, आणि दोन्ही बाजूंनी मला बजावण्यात आले, की दुसऱ्या बाजूला कळू देऊ नका. वर्षभरात मी ज्या ज्या घरी गेलो, तिथे या ‘सगळं ठीक आहे’ची भिंत मला कमीअधिक उंचीची आढळली. ती मायेपोटी उभारलेली असते यात तिळमात्र शंका नाही. परंतु मोतीबिंदू, मधुमेह, पडणे, झडणे इकडे लपविले जाते आणि नोकरी, कर्ज, नवरा-बायकोतील बेबनाव तिकडे लपविला जातो, तेव्हा कालांतराने दोन्हीकडची माणसे एकमेकांविषयी काही तरी वेगळेच अनुमान बांधू लागतात. मुलीला सवड नाही असे आईला वाटते. आईला आपली उणीव भासत नाही असे मुलीला वाटते. सहस्रावधी मैलांच्या अंतराने जे केले नसते, ते या काळजीने केलेले मी पाहिले.

परदेशी गेलेल्या मुलांना कृतघ्न ठरविण्याची आपल्याला एक जुनी सवय आहे. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ नाटकातील नाना-नानी, ज्यांचा एक मुलगा अमेरिकेत आहे, त्या सवयीला नकळत आधार देत आले. ते नाटक मी दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळा माझे डोळे भरून आले. तथापि मुले गेली कशी याचा हिशेब मांडू लागले, की दोषाची वाटणी तितकी सोपी राहत नाही. १९४६ पासून अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी भारताच्या वाट्याला वर्षाकाठी अवघ्या १०० जागा येत असत. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि राष्ट्रवार वाटे रद्द होऊन तिथे डॉक्टर व अभियंते हवेसे झाले. १९९० च्या कायद्याने ‘एच-वन-बी’ आला आणि संगणकाची विद्या शिकलेल्या पिढीला वाट मिळाली. कायद्याने दार उघडले खरे, परंतु त्या दारापर्यंत बोट धरून नेले ते आईबापांनीच. मुदतठेवी मोडून परीक्षांची शुल्के त्यांनी भरली, शिक्षणकर्जासाठी राहते घर तारण त्यांनी ठेवले, आणि प्रवेशपत्र आले त्या दिवशी सोसायटीत पेढेही त्यांनीच वाटले.

शिवाय घर सोडण्याची ही कथा या पिढीपासून सुरू झालेली नाही. अभियंते मूळचे देवरुखचे. पुण्यास शिकून, कोयनेच्या भूकंपाच्या साली, म्हणजे १९६७ मध्ये ते सरकारी नोकरीत रुजू झाले, आणि त्यानंतर वडिलांशी त्यांचा जो संबंध उरला तो बहुतांशी मनिऑर्डरीच्या कुपनावर मावेल एवढा होता: प्रकृतीस जपावे, सुटी मंजूर होताच येतो. सुटी वर्षातून एकदा, गणपतीत मंजूर होई. १९७८ च्या आषाढात वडील गेले, तेव्हा धरणाच्या छावणीवर तार तिसऱ्या दिवशी पोहोचली. “मी देवरुखला पोचलो तो चौथा दिवस. मी नेऊन पोचवणाऱ्यांत नव्हतो. जे मी माझ्या वडिलांना दिलं नाही, ते मुलीकडे कुठल्या तोंडानं मागू?” हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, ते खिडकीबाहेरच्या आंब्याकडे पाहत होते. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या चाकरमान्यांपासून आजच्या सिएटलपर्यंत ही एकच वाट आहे असे मला वाटते, आणि त्या वाटेवरचे प्रत्येक गाव मागे एक म्हातारे जोडपे ठेवून गेलेले आहे.

मुलांकडे जाऊन राहावे, हा तोडगा सर्वांनाच सुचतो. त्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत, जी २०११ पर्यंत ब्रीच कँडीला होती, मुलाखतीचे दिव्य करावे लागते. पर्यटकाचा परवाना मिळाला, तर प्रत्येक खेपेस बहुधा सहा महिने राहू देतात. सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणात पहिले सहा महिने एका बाजूचे आजी-आजोबा आणि पुढचे सहा महिने दुसऱ्या बाजूचे, अशी पाळी शेकडो घरांनी बांधून घेतली आहे. डोंबिवलीच्या ज्या बाई मला भेटल्या, त्या अशा चार खेपा करून आल्या होत्या. विमानतळावर चालता येत असूनही त्या चाकाची खुर्ची मागतात, कारण खुर्ची ढकलणारा माणूस पुढच्या विमानाच्या दारापर्यंत नेतो आणि इंग्रजी बोलण्याची वेळ येऊ देत नाही. तिथल्या घराचे, अंगणाचे, नातवंडांचे त्यांनी मनापासून कौतुक केले. नातू रविवारी मराठी शाळेत जातो, १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात तो लेझीमही खेळला. आजीचे सारे त्याला समजते, उत्तर तेवढे तो इंग्रजीत देतो. मग परत का आलात, असे मी विचारले. त्या बराच वेळ विचार करून म्हणाल्या, “तिथे मी कुणाच्या उपयोगी नाही हो. इथे शेजारीण वाटीभर साखर मागायला येते. तिथे सकाळी आठला सगळे मोटारी घेऊन गेले, की मी पत्रांच्या पेटीपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. तेवढाच माझा रस्ता.”

कायमचे जाऊन राहणे तर आणखी कठीण. मुलगा नागरिक झाला असेल, तर आईवडिलांसाठी अर्ज करता येतो आणि त्याला संख्येची मर्यादाही नाही. परंतु पासष्टीपुढील नवागतांना पाच वर्षे सलग वास्तव्य झाल्याखेरीज तिथल्या सरकारी आरोग्यविम्याचा दरवाजा उघडत नाही, आणि त्या वयात पाच वर्षे म्हणजे काय, हे कोणत्याही मुलाला सांगावे लागत नाही. जो नागरिक नाही, ज्याचा कायम वास्तव्याचा अर्ज भारतीयांच्या रांगेत दहा वर्षांहून अधिक काळ पडून आहे, त्याच्यापुढे तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशस्थांनी भारतात सुमारे ११९ अब्ज डॉलर पाठविले, त्यात अमेरिकेचा वाटा चतुर्थांशाहून अधिक होता, आणि येणाऱ्या रकमेचा सुमारे पाचवा हिस्सा महाराष्ट्रात उतरला. परंतु मी पाहिलेल्या बहुतेक घरांत आईबापांना त्या पैशाची निकड नव्हती. पेन्शन होती, घर स्वतःचे होते. २००७ चा आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे आणि त्यान्वये प्रांताधिकाऱ्यापुढे निर्वाहखर्चाचा दावा करता येतो; काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्यांना ते कळलेच नाही, आणि कळल्यावर त्या दुखावल्या.

पैशाने जे विकत मिळते, त्याचे पुण्यातील नाव ‘ब्यूरोची बाई’ असे आहे. बारा तासांची किंवा चोवीस तासांची, आजाऱ्याला उठविणारी, अंग पुसणारी, औषधाच्या वेळा सांभाळणारी ही बाई ब्यूरोमार्फत येते आणि घरात ‘मावशी’ होते. प्रभात रस्त्यावरील एका अंथरुणाला खिळलेल्या प्राध्यापकांच्या घरी मला भेटलेल्या मावशी उदगीर तालुक्यातल्या. न्यू जर्सीतला मुलगा खोलीत बसविलेल्या कॅमेऱ्यातून रात्री वडिलांना पाहतो. मावशींना त्याचा राग नाही, उलट त्या कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवितात. त्यांची स्वतःची आई गावी एकटी आहे. तिला श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात, आणि त्यासाठी तिलाही दर साली हयातीचा दाखला द्यावा लागतो. “तलाठ्याकडं कोण नेणार तिला? मला सुट्टी काढली तर खाडा पडतो. मागल्या साली शेजारच्या पोरानं गाडीवर मागं बांधून नेली.” कावडीतून आईबापांना वाहणाऱ्या मुलाचे नाव त्या योजनेला ज्याने दिले, त्याच्या मनात काय असेल ते असो, मला मात्र त्या दिवसापासून ते नाव उच्चारताना दुचाकीला दोरीने बांधलेली म्हातारी दिसते. परदेशस्थ मुलांविषयी आपल्या मध्यमवर्गाने पुष्कळ लिहिले आहे. ज्यांच्या जिवावर त्या मुलांचे आईबाप सुखरूप आहेत, त्यांच्या आयांविषयी कोणी चार ओळीही लिहीत नाही, हे मला लेखक म्हणून टोचते, आणि त्यात मीही आलो.

२०२० च्या मार्चअखेर आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. ज्यांनी परकीय नागरिकत्व घेतले होते, त्यांच्या जवळचे ‘ओसीआय’ कार्ड, ज्यावर आजन्म प्रवेशाची हमी होती, ते मे महिन्यापर्यंत चालेनासे झाले. त्या काळात वैकुंठ स्मशानभूमीतल्या चितेसमोर कोणी तरी मोबाइल उंच धरून उभा आहे आणि त्यात सॅन होजेचे किंवा ह्यूस्टनचे रडणारे तोंड आहे, हे दृश्य पुण्याने पाहिले. त्याविषयी अधिक लिहिण्याची मला शक्ती नाही.

इथे मला माझ्या घराविषयी सांगणे भाग आहे. माझा थोरला भाऊ न्यू जर्सीला असतो. २००९ च्या गणपतीत वडिलांच्या दुखण्याचे निदान झाले आणि त्यांनी मला जवळ बोलावून हुकूम दिला, की दादाला कळवायचे नाही. त्याच्या बढतीचे वर्ष आहे, मुले लहान आहेत, मी बरा होणारच आहे. मी मानले. चार महिने दर रविवारी फोनवर मी ‘सगळं ठीक आहे’ म्हणत राहिलो, आणि बाबा पलंगावरून मान हलवून मला शाबासकी देत राहिले. जानेवारीत एका पहाटे ते गेले. दादा एकतीस तासांनी पोहोचला. तोवर त्यांना शवागारात ठेवले होते. दहनानंतर घरी आलो, आंघोळी झाल्या, पिठले-भात झाला, आणि तो गॅलरीत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने भांडण केले नाही. एवढेच विचारले, “तुला कधी कळलं होतं?”

मी म्हणालो, “गणपतीत.”

त्यानंतर आम्ही दोघे शेकडो वेळा बोललो आहोत. तो दर वर्षी येतो, आईला घेऊन महाबळेश्वरला जातो, माझ्या मुलीच्या शिक्षणाला त्याने हात दिला. त्या उत्तरावर मात्र तो पुन्हा कधीही काही बोललेला नाही, आणि त्याने बोलावे म्हणून मी अजून वाट पाहतो.

हे सारे मी यंदाच्या श्रावणात काकूंना सांगितले. त्यांचे किंवा त्यांच्या मुलीचे गुपित मी फोडले नाही. माझे होते तेवढेच त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी काही उत्तर दिले नाही, मला साखरभाताचा डबा बांधून दिला.

आठ दिवसांनी सकाळी साडेदहाला त्यांचा फोन आला. “सांगितलं मी तिला. पडल्याचं, ऑपरेशनचं, सगळं.”

“मग?”

“मग काय, रडली. माझ्यावर ओरडली. आणि मग तिनंही काही सांगितलं.” काय ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. मागे भांड्यांचा आवाज येत होता. “आत्ता ठेवला बघा फोन. आठाला लावला होता तिनं. काकांनी मधे दोनदा चहा केला, आणि दोन्ही वेळा तो तसाच गार झाला.”